ऑनलाइन गृहकर्ज: कंपनी खरी असूनही फसवणूक कशी होते आणि तपासणी कुठून सुरू करायची

मेसेज येतो: 'तुमचं ४० लाखांचं गृहकर्ज मंजूर, व्याज ५.९ टक्के, कागद फक्त आधार आणि पॅन.' खाली लिंक, लोगो, नोंदणी क्रमांक आणि वांद्रे-कुर्ला संकुलातला पत्ता. बरेचजण इथून तपासायला लागतात. वेबसाइट नीटनेटकी आहे का बघतात, दिलेल्या नंबरवर फोन लावतात, नोंदणी क्रमांक गुगलवर टाकतात. क्रमांक खरा निघतो, कंपनीही खरी निघते आणि माणूस निर्धास्त होतो.

गोची तिथेच आहे. तो क्रमांक खराच असतो, पण चोरलेला. बनावट कंपनी उभी करण्याची कटकट आता कुणी करत नाही. नोंदणी असलेली पण फारशी कुणी नाव न ऐकलेली एखादी गृहवित्त कंपनी निवडायची, तिचा लोगो आणि क्रमांक उचलायचा, फक्त फोन नंबर आणि बँक खातं आपलं लावायचं. त्यामुळे 'ही कंपनी आहे का?' एवढं विचारून भागत नाही. बोलणारा माणूस त्या कंपनीचाच आहे का, आणि आपले पैसे व घराचे मूळ कागद तिच्याचकडे पोचणार आहेत का, हे कळायला हवं. म्हणून तपासणी मेसेजपासून सुरू करू नये. नियामकाच्या यादीतून कंपनीकडे यावं, कंपनीच्या अधिकृत नंबरवरून त्या माणसाकडे.

यादी कुणाची बघायची

भारतात घर गहाण ठेवून ऑनलाइन कर्ज देणारे मुख्यतः तीन प्रकारचे. बँका (नागरी सहकारी बँका धरून), गृहवित्त कंपन्या आणि इतर बिगर-बँक वित्तीय कंपन्या, म्हणजे एनबीएफसी. बँकांची आणि एनबीएफसींची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मिळते. नोंदणी रद्द झालेल्या एनबीएफसींची यादीही तिथे वेगळी असते, आणि ती आधी बघावी असं आमचं मत. जुनी प्रमाणपत्रं मंजुरीपत्राला जोडून फिरत असतात.

गृहवित्त कंपन्यांच्या बाबतीत लोकांचा गोंधळ होतो. ९ ऑगस्ट २०१९ पासून त्यांचं नियमन रिझर्व्ह बँकेकडे आहे, पण देखरेख राष्ट्रीय आवास बँक, म्हणजे नॅशनल हाउसिंग बँक करते आणि यादीही तिच्याच संकेतस्थळावर असते. त्यात ठेवी घेण्याची परवानगी असलेल्या आणि नसलेल्या कंपन्या वेगवेगळ्या दाखवतात. कर्जदाराला या फरकाने काही बिघडत नाही. ठेवी घेता न येणारी कंपनी कर्ज बिनदिक्कत देऊ शकते.

पतसंस्थेचं गणित निराळं आहे. ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेकडे नाही, आणि कर्ज फक्त सभासदाला देते. 'आरबीआय मान्यताप्राप्त पतसंस्था' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही.

नाव जुळवताना अक्षरन् अक्षर जुळवा. ब्रँडचं नाव एक आणि कंपनीचं कायदेशीर नाव दुसरं असं नेहमी असतं. परवाना कायदेशीर नावाला असतो. शिवाय नावं बदलतात. एचडीएफसी लिमिटेड ही गृहवित्त कंपनी १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, त्यामुळे आज त्या कंपनीच्या लेटरहेडवर नवं मंजुरीपत्र येणं शक्यच नाही. इंडियाबुल्स हाउसिंग फायनान्स २०२४ मध्ये सम्मान कॅपिटल झाली आणि गृहवित्त कंपनीऐवजी एनबीएफसी म्हणून नोंदली गेली. ती आवास बँकेच्या यादीत दिसली नाही म्हणून बोगस ठरत नाही, शोधायची यादी बदलली इतकंच. उलटं उदाहरण आधारचं. आधार हाउसिंग फायनान्स ही नोंदणीकृत गृहवित्त कंपनी आहे, तिचा आधार कार्डाशी संबंध नाही. 'आधार कार्डावर २ टक्क्यांनी पंतप्रधान कर्ज' या धर्तीचे मेसेज मात्र केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने वारंवार खोटे ठरवलेत. दोन्हींत 'आधार' दिसतो, आणि घाईत असलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

पुढची पायरी कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल. कंपनीचा सीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, टाकला की स्थापनेची तारीख, नोंदणीकृत पत्ता, भरणा झालेलं भांडवल आणि स्थिती दिसते. सीआयएन २१ अक्षरांचा असतो: पहिलं अक्षर 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' म्हणजे न नोंदलेली, मग व्यवसायाचे पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरं आणि सहा आकडी क्रमांक. 'तीस वर्षांची विश्वासार्ह परंपरा' सांगणाऱ्या कंपनीच्या सीआयएनमधलं वर्ष २०२३ असेल तर तिथेच उलगडा होतो. जाता जाता: महाराष्ट्रातल्या सगळ्याच कंपन्यांच्या सीआयएनमध्ये 'एमएच' नसतं. पुण्याच्या कंपनी निबंधकांकडे नोंदलेल्यांना 'पीएन' असतं. ते पाहून दचकू नका.

इथवरचं काम पंधरा मिनिटांचं. त्यातून एवढंच सिद्ध होतं की या नावाची परवानाधारक कंपनी आहे.

बोलणारा माणूस कंपनीचा आहे का

ऑनलाइन भेटणारे बहुतेकजण कर्ज देणारे नसतात, ते मध्यस्थ असतात: डीएसए (कमिशनवर ग्राहक आणणारे एजंट), तुलना करणारी संकेतस्थळं, कर्जाची ॲप्स. मध्यस्थ असणं गैर नाही. पण रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी घातलेल्या आणि मे २०२५ मध्ये एकत्र केलेल्या नियमांनुसार बँकेला किंवा कंपनीला आपल्या मध्यस्थांची आणि ॲप्सची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर लावावी लागते. म्हणून मध्यस्थाला विचारायचं: 'फाइल कुठल्या कंपनीत लॉगिन करणार?', म्हणजे अर्ज कुठे दाखल करणार. नाव मिळालं की ती कंपनी नियामकाच्या यादीत शोधायची, तिथून तिच्या संकेतस्थळावर जायचं आणि मध्यस्थ तिथल्या यादीत आहे का पाहायचं. 'आमच्याकडे २५ बँका आहेत, जिथे बसेल तिथे करू' हे उत्तर पहिल्या फोनवर चालेल. कागद मागताना चालणार नाही.

रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०२५ पासून कर्जाच्या ॲप्सची एक सूचीही आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. तिच्यातली माहिती बँका आणि वित्त कंपन्या स्वतः भरतात, रिझर्व्ह बँक ती पडताळत नाही. त्यामुळे ॲप सूचीत आहे याचा अर्थ एवढाच, की अमुक कंपनीने त्याला आपलं म्हटलंय. 'आरबीआय अप्रूव्ह्ड ॲप' असा प्रकार अस्तित्वात नाही.

यानंतर मेसेजमधल्या नंबरवर नव्हे, तर संकेतस्थळावरून किंवा शाखेतून मिळालेल्या नंबरवर फोन करून तीन गोष्टी विचारा. माझ्या नावाचा अर्ज क्रमांक तुमच्याकडे आहे का, तो कुठल्या शाखेत आहे, आणि अमुक कर्मचारी क्रमांकाचा माणूस तुमचा आहे का. खऱ्या कंपनीत लॉगिन झालेली फाइल दोन मिनिटांत सापडते. शाखा जवळ असेल तर प्रत्यक्ष जाऊन यावं. वीस वर्षांचा हप्ता भरायचा आहे, एक फेरी जास्त नाही.

वेबसाइटवरून पारख करण्यावर आमचा फार भरवसा नाही. पत्त्याशेजारचं कुलूप कुणालाही फुकट मिळतं, त्याचा अर्थ मधल्या वाटेत कुणी डोकावत नाही इतकाच. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. एक खूण मात्र बरीच उपयोगी आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं, आणि असा पत्ता बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. हा भाग पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी आधी असायला हवा. 'अमुक-बँक-इन डॉट कॉम' किंवा 'डॉट बँक डॉट इन डॉट लोन डॉट साइट' असे पत्ते भलत्याचेच असतात. ही मुदत बँकांसाठी होती, त्यामुळे गृहवित्त कंपनीच्या पत्त्यात तो शेवट नसला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

फोनचंही तसंच. सेवेसाठीचे फोन १६०० ने आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांना सांगितलं. व्हॉट्सॲपवर कंपनीचा लोगो लावलेल्या साध्या दहा आकडी नंबरवरून कुणी 'हेड ऑफिस' म्हणून बोलत असेल तर त्याला अर्ज क्रमांक विचारून फोन ठेवावा. लिंकवरून ॲपची एपीके फाइल उतरवून घेऊ नये, स्क्रीन शेअर करू नये. नोंदणीकृत कर्ज ॲपला तुमची संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फोटो-फाइली बघण्याची मुभा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक किंवा ठिकाण एकदा मागता येतं, तेही संमतीने.

पैसा कुठे जातोय

'आगाऊ पैसे मागितले म्हणजे फसवणूक' असं सरसकट सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. बऱ्याच गृहवित्त कंपन्या अर्जासोबत काही हजारांची लॉगिन फी घेतात, आणि कर्ज नाकारलं तर ती परत मिळत नाही. नियम म्हणून ते पटो न पटो, चालतं तसं. त्यामुळे पैसे मागितले का, यापेक्षा कुठल्या खात्यात मागितले हे बघायला हवं.

फी कंपनीच्या कायदेशीर नावाच्या खात्यात जायला हवी. यूपीआयने पैसे भरताना पिन टाकण्याआधी खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. नेफ्ट-आरटीजीएसमध्येही एप्रिल २०२५ पासून खातेदाराचं नाव आधी पडताळून बघता येतं. तिथे व्यक्तीचं नाव आलं, 'एंटरप्रायझेस' आलं, 'अमुक फिनसर्व्ह सोल्युशन्स' आलं, तर थांबायचं. 'कलेक्शन एजंटचं खातं आहे', 'हेड ऑफिसचा सर्व्हर बंद आहे', 'आज शेवटचा दिवस आहे' ही ठरलेली उत्तरं. नियम असा की मध्यस्थाचं शुल्क कंपनीने द्यायचं असतं, कर्जदाराने नाही. आणि कर्जाचे पैसे किंवा हप्ते मध्यस्थाच्या खात्यातून फिरवायचे नसतात.

पावती मागा आणि तिच्यावरचा जीएसटी क्रमांक वाचा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं: कंपनी असेल तर 'सी', व्यक्ती असेल तर 'पी'. म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर 'पी' असेल तर पावती कंपनीची नाही, कुणा एकट्याच्या धंद्याची आहे. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव समोर येतं.

फसवणुकीची रीत पायऱ्यापायऱ्यांची असते. सुरुवात अडीच-तीन हजारांच्या 'फाइल चार्ज'पासून, कारण एवढ्या रकमेला माणूस फार विचार करत नाही. मग विम्याचा पहिला हप्ता. मग 'कर्जाच्या रकमेवरचा जीएसटी'. मग टीडीएस. मग 'तुमचा खाते क्रमांक एका आकड्याने चुकला, रक्कम अडकली आहे, सोडवायला रिझर्व्ह बँकेची एनओसी लागेल', आणि त्याचे पंचवीस हजार. प्रत्येक पायरीवर आधी गेलेले पैसे वाचवायचा मोह असतो आणि धंदा त्या मोहावर चालतो. यातलं एकेक खोडता येतं. जीएसटी फीवर लागतो, १८ टक्के; कर्जाच्या रकमेवर लागत नाही. कर्ज मिळताना कर्जदाराला टीडीएस भरावा लागत नाही. घर ५० लाखांचं किंवा जास्तीचं असेल तर खरेदीदाराला विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापावा लागतो, पण तो आयकर खात्याकडे भरायचा. विमा ऐच्छिक असतो. आणि रिझर्व्ह बँक कुणाच्या कर्जाला एनओसी देत नाही, गव्हर्नरच्या सहीचं प्रमाणपत्र तर नाहीच.

पंतप्रधान आवास योजनेचं अनुदान 'मिळवून देण्याची' फी मागणारेही असतात. शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान कमाल १.८० लाख रुपये आहे. ते पाच वार्षिक हप्त्यांत, थेट कर्जखात्यात जमा होतं. रोख हातात येत नाही, त्यामुळे त्यातला 'हिस्सा' कुणाला द्यायचा प्रश्नच येत नाही.

घराचे कागद कुणी मागितले का

आमच्या मते सगळ्यांत भरवशाची कसोटी हीच. गृहकर्ज देणाऱ्याचा जीव तारणात अडकलेला असतो. तो साठेखत किंवा खरेदीखत मागणार, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सारांश) मागणार, आधीच्या खरेद्यांची साखळी मागणार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी मागणार, स्वतंत्र घर असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका मागणार. त्याचा वकील दुय्यम निबंधक कार्यालयात सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध घेणार, साधारण तीस वर्षांचा. त्याचा मूल्यांकनकार घरी येऊन फूटपट्टी लावणार. या सगळ्याला दिवस लागतात आणि कर्जदार वैतागतो. वैताग आला की खुशाल समजा की समोरचा खरं कर्ज देतोय. आधार-पॅनवर तासाभरात ४० लाखांचं 'अंतिम' मंजुरीपत्र देणाऱ्याला तुमचं घर बघायचंच नाही, कारण तो कर्ज देणारच नाही.

खरं ऑनलाइन मंजुरीपत्रही तासाभरात येतं, पण ते तत्त्वतः मंजुरीचं असतं. त्यात कायदेशीर आणि तांत्रिक तपासणीची अट असते, मुदत असते, अर्ज क्रमांक असतो. ते तपासायला कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पत्ता टाकून जा, नोंदवलेल्या मोबाइलने लॉगिन करा आणि तोच क्रमांक दिसतो का बघा.

रकमेवरूनही कळतं. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, ही वरची मर्यादा नियामकाने घातलेली आहे. १० लाखांवरच्या घरात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरतही नाहीत. म्हणजे ५० लाखांच्या घराला जास्तीत जास्त ४० लाख. उरलेले १० लाख आणि मुंबईत ६ टक्क्यांनी होणारं ३ लाखांचं मुद्रांक शुल्क (एकट्या महिलेच्या नावावरच्या घराला १ टक्का सवलत मिळते) खिशातून घालायचं. 'शंभर टक्के फायनान्स, नोंदणीसकट' असं कुणी म्हटलं, तर एक तर तो घराची किंमत कागदावर फुगवणार आहे, नाही तर कर्ज देणार नाही.

व्याजाचंही गणित करून बघा. ३० लाख, २० वर्षं, ८.५ टक्क्यांनी हप्ता साधारण २६,०३५ रुपये येतो. २ टक्क्यांनी १५,१७६. ८.५ टक्क्यांनी २६ हजार पडत असताना कुणी १५ हजारांत कर्ज देतो म्हणत असेल, तर तो ११ हजार दरमहा कुठून आणतो?

कर्ज पक्कं झालं आणि मूळ कागद द्यायची वेळ आली की खरी जोखीम इथून पुढे असते, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्रोसेसिंग फी बुडाली तर हजारांत बुडते. मूळ करार भलत्याच्या हाती गेला तर घरावर दुसरं कर्ज उचललं जाऊ शकतं. मूळ कागद शाखेतच द्यावेत, हॉटेलात किंवा घरी आलेल्या मुलाच्या हाती नाही. दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी त्याच क्षणी घ्यावी. महाराष्ट्रात मूळ कागद ठेवून गहाण केलं की ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सूचना) द्यावी लागते आणि मुद्रांक शुल्क सरकारच्या ग्रास प्रणालीत भरलं जातं. त्या नोटिशीची प्रत घ्या आणि गहाण घेणाऱ्याच्या रकान्यात मंजुरीपत्रावरचंच कायदेशीर नाव आहे का बघा. देशभराच्या गहाण-नोंदींसाठी सरसाई ही नोंदवही आहे. तिच्यात किरकोळ शुल्क भरून कुणालाही शोध घेता येतो. कर्ज मिळाल्यावर महिना-दीड महिन्याने आपल्या घरावर नेमका एकच बोजा, आणि तोही योग्य नावाने चढलाय का, हे स्वतः बघावं.

हप्त्यासाठी ई-नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी) मंजूर करताना त्यातलं कंपनीचं नाव आणि कमाल रक्कम वाचा. सुरक्षेचे कोरे धनादेश मागितलेच तर निदान रेखांकित करून कंपनीचं पूर्ण नाव आणि कर्ज क्रमांक आपल्या हाताने लिहा. नाव कोरं सोडू नका.

खरी कंपनी, पण करार कसा आहे

परवाना पक्का आहे म्हणून करार चांगला असेलच असं नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. मराठीत मागा. ते हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, तोवर त्यातल्या अटी बदलता येत नाहीत. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

त्यात पहिली नजर वार्षिक टक्केवारी दर, एपीआरवर टाका. फी धरून पडणारा खरा दर तो. ३० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के आणि फी जीएसटीसह ३५,४०० असेल तर एपीआर ८.६६ च्या आसपास यायला हवा. तो ९.१ दिसला तर मध्ये लाखभराचा खर्च दडलाय. बहुतेक वेळा तो एकरकमी विमा असतो, कर्जातच घुसवलेला, आणि त्या विम्यावरही वीस वर्षं व्याज चालू राहतं.

दुसरी नजर दर कशाला बांधलाय त्यावर. बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या निर्देशांकाला, बहुधा रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याला), जोडलेली असतात. गृहवित्त कंपन्या मात्र स्वतःचा मूळ दर वापरू शकतात; रेपो उतरला तरी तो उतरायला वेळ घेतात. सुरुवातीचा दर पाव टक्क्याने कमी दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. बदलत्या दराचं गृहकर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर दंड नाही; करारात 'फोरक्लोजर चार्ज' दिसला तर बोट ठेवून विचारा. व्याज मंजुरीच्या तारखेपासून लावायचं नसतं, पैसे प्रत्यक्ष दिल्यापासून लावायचं असतं. आणि कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी थोडं. भारतातल्या घराचं कर्ज तिथे बसून घेताना फी आणि हप्ते एनआरई-एनआरओ खात्यातून कंपनीलाच जायला हवेत, आणि मुखत्यारपत्र कर्जाच्या कामापुरतं मर्यादित ठेवावं. एजंटच्या नावाने सर्वाधिकार देऊ नयेत. तिथलंच घर घेत असाल तर अमेरिकेत कर्ज देणाऱ्याचा एनएमएलएस (परवाना नोंदणीचा) क्रमांक त्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत आणि ब्रिटनमध्ये तिथल्या वित्त नियामकाच्या, एफसीएच्या रजिस्टरमध्ये बघा. रीत तीच: फोन नंबर रजिस्टरमधून घ्यायचा, ईमेलमधून नाही.

पैसे गेले असतील तर

लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि आपल्या बँकेलाही कळवणं. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येतात, म्हणून तासांचा हिशोब असतो. व्यवहार क्रमांक, वेळ, समोरचं खातं किंवा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. चॅट पुसू नका. विनापरवाना कंपनीची माहिती रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर द्या, फसव्या फोन-मेसेजची दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू सुविधेत.

परवानाधारक कंपनीबद्दल तक्रार असेल तर आधी तिच्याकडेच लेखी. मग बँक किंवा एनबीएफसी असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. गृहवित्त कंपन्या मात्र २०२१ च्या लोकपाल योजनेत धरलेल्या नाहीत. त्यांची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाते. चुकीच्या दारात महिना घालवणारे पुष्कळ.

पैसे गेले नसले पण आधार, पॅन आणि बँक स्टेटमेंट दिलं गेलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून तो पूर्ण फुकट मिळतो. शेवटी 'चौकशी' असा भाग असतो: तुमच्या नावाने कुणी, कधी, कुठल्या कर्जासाठी विचारणा केली त्याची यादी. ज्या कंपनीत फाइल लॉगिन झाली म्हणून सांगितलं होतं तिचं नाव एकाही ब्युरोच्या रिपोर्टमध्ये नसेल तर बहुधा लॉगिन झालंच नव्हतं. आणि ज्या कंपनीचं नाव तुम्ही कधी ऐकलंही नाही ती तिथे असेल, तर तुमच्या पॅनवर दुसरंच कुणीतरी कर्ज मागतंय. ब्युरोकडे त्याच दिवशी हरकत नोंदवा, त्या कंपनीलाही लिहा, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा बघा.